वरच्या फ्लॅटमध्ये तोडफोड, खाली माझं वर्क फ्रॉम होम. कसं निभावता तुम्ही लोक?

तिसरामजला | सोमवार, दु. १:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचून राहिलो होतो, आज लिहायची वेळ आली.

आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगरात राहतो, बारा फ्लॅटची जुनी बिल्डिंग. वरचा फ्लॅट विकला गेला आणि नवीन मालकांनी सगळं काढायला घेतलंय. सगळं म्हणजे खरंच सगळं, फरशी, दोन्ही बाथरूम, किचनचा ओटा, वायरिंग. आज सतरावा दिवस. सकाळी नवाला ब्रेकर (फरशी-काँक्रीट फोडायचं मशीन) सुरू होतो तो मध्ये जेवणाची सुट्टी सोडली तर संध्याकाळी सहा-साडेसहापर्यंत. माझी नोकरी घरून, दहा ते सात, त्यातले चार तास तरी कॉलवर.

गेल्या गुरुवारी क्लायंटला डेमो होता. मी बोलायला तोंड उघडलं आणि बरोबर डोक्यावर चालू झालं. टेबलावरच्या ग्लासातल्या पाण्यावर गोल गोल तरंग, किचनच्या मांडणीवरच्या वाट्या किणकिण करून राहिल्या, आणि पंख्याच्या दांड्यापासून चुन्याचा एक पापुद्रा सुटून थेट कीबोर्डवर. पलीकडून विचारलं की तुम्ही साइटवर आहात का. मी म्हटलं हो. काय सांगू दुसरं.

बायको म्हणते वर जाऊन बोला. आई म्हणते नवीन लोक आहेत, पहिल्याच भेटीत भांडण नको, जन्मभर वरच राहणार आहेत ते. दोघींचंही बरोबर आहे. तर प्रश्न असा, की तक्रार करायची का, कुठे, आणि नाही करायची तर हे दिवस काढायचे कसे? हेडफोन, खिडक्या, काय वाट्टेल ते सुचवा.

रिकामटेकडा | सोमवार, दु. १:१९

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या बाजूच्या प्लॉटवर कालच जेसीबी येऊन गेला.

संत्राबर्फी | सोमवार, दु. १:४०

तिसरामजला, अगदी अगदी. मी मुलांचे ऑनलाइन क्लास घेते, गणिताचे. डिसेंबरात शेजारच्यांचं काम चाललं होतं तेव्हा एका पोराने विचारलं, मॅडम तुमच्याकडे वरात आली का?

मला राग कशाचा येतो सांगू? बिल्डिंगमध्ये कुणाची दहावी असली की फेब्रुवारी-मार्चमध्ये अख्खा मजला चपला हातात घेऊन चालतो. टीव्ही हळू, काम बंद, मिस्त्रीला सांगतात पेपर संपल्यावर ये. आणि माझे क्लास म्हणजे "तुम्ही तर घरीच असता ना". मी त्या दहावीवाल्यांनाच शिकवत होते बरं तेव्हा!

पानठेला | सोमवार, दु. २:०५

भाऊ काऊन टेन्शन घेऊन राहिला. एप्रिल येऊ दे, कूलर लाव. आमच्या कूलरच्या आवाजात वरचा ब्रेकर काय, बाजूले विमान उतरलं तरी समजत नाही. बायकोचं बोलणंबी ऐकू येत नाही हा बोनस.

तिसरामजला | सोमवार, दु. २:१२

पानठेला भाऊ, कूलरचा विचार केला होता. पण कूलर चालवायचा तर समोरची खिडकी उघडी लागते ना, नाहीतर हवा कोंडते आणि तासाभरात सगळं चिकचिक. खिडकी उघडली की वरचा टाइल कटर आत. वर कॉलवर माझ्यामागे कूलरची घरघर, ती वेगळी.

पानठेला | सोमवार, दु. २:१५

मंग एसी घे. नाहीतर ऑफिसात जा. बाप्पा, किती नखरे.

धागेदोरे | सोमवार, दु. ३:३०

पेशाने सिव्हिल इंजिनीअर, आणि अशी तोडफोड करवणाऱ्यांपैकीच आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

आधी एक समजून घ्या. वरच्या ब्रेकरचा आवाज तुमच्यापर्यंत खिडकीतून फारसा येत नाही. स्लॅब, बीम, कॉलम हे सगळं एकसंध काँक्रीट. वर ठोकलं की कंप त्या सांगाड्यातून उतरतो आणि तुमचं छत आणि भिंती स्वतःच वाजायला लागतात. म्हणून तर कधी कधी बाजूच्या फ्लॅटपेक्षा दोन मजले खालच्याला जास्त ऐकू येतं आणि तो बिचारा चुकीच्या दारावर जाऊन भांडतो. खिडकीला जाड पडदे, दाराला फोम, यावर पैसे घालवू नका. त्याने कटरचा आणि ग्राइंडरचा आवाज थोडा कमी होईल कारण तो हवेतून येतो. ब्रेकरला काही फरक नाही.

दुसरं, सगळं काम सारखं वाजत नाही. जुनी फरशी आणि बाथरूमच्या टाइल्स काढणं सगळ्यात वाईट, पण दोन बेडरूमच्या फ्लॅटला ते चार-सहा दिवसांत उरकतं, मजूर किती लावलेत त्यावर. मग भिंतीत पाइप आणि वायरच्या खाचा पाडतात, तेही वाईट. मग बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि कोबा. ते झालं की नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवतात, एक-दोन दिवस, गळतंय का बघायला. त्या दिवसांत बाथरूममध्ये कुणी पाय ठेवत नाही. बाकी घरातही ठोकाठोकी चालू नसेल तर महत्त्वाची मिटिंग तेव्हा लावा. मग टाइल्स बसवणं, त्यात कटर मधूनमधून. आणि सगळ्यात शेवटी येतो तो खरा शत्रू. सुतार. फरशीवाला आठवड्यात जातो, सुतार दीड-दोन महिने हलत नाही, आणि त्याचं ड्रिल कधी चालू होईल ते त्यालाही माहीत नसतं.

सतरा दिवस झाले आणि ब्रेकर अजून चालू आहे म्हणता, म्हणजे एकतर मजूर कमी आहेत किंवा मालकाने मध्येच काहीतरी वाढवलंय.

रिकामटेकडा | सोमवार, दु. ३:३८

"सगळ्यात शेवटी येतो तो खरा शत्रू. सुतार." हे वाचून पाठीत कळ आली. आमच्याकडे सुतार दिवाळीला आला आणि होळीला गेला. मध्ये संक्रांतीला तिळगूळ पण खाल्ला त्याने.

निवांतकाका | सोमवार, सायं. ५:२०

थोडं कडू लिहितो, राग मानू नये. घर हे राहण्यासाठी असतं. घराचं ऑफिस तुम्ही केलंत, वरच्या माणसाने त्याच्या घराचं घरच ठेवलं. आयुष्याची कमाई घालून फ्लॅट घेतला, गळकी न्हाणी आणि काळी पडलेली फरशी बदलणारच तो. आम्ही नोकरी केली तेव्हा दिवसभर घरात कोण असायचं? बायका असायच्या, त्यांनी हे सगळे आवाज ऐकलेच, त्यांच्यासाठी कुणी धागा काढला नाही.

संत्राबर्फी | सोमवार, सायं. ५:३१

काका, शेवटचं वाक्य तुमच्या विरोधात जातंय, बघा एकदा.

तिसरामजला | सोमवार, सायं. ५:४४

काका, राग नाही. पण घराचं ऑफिस मी नाही केलं. २०२० मध्ये कंपनीने घरी बसवलं, नंतर भाड्याची जागाच सोडून दिली. आता जायचं म्हटलं तरी ऑफिस पुण्याला. त्यांनी काम करूच नये असं मी म्हणत नाहीये. दिवसातून दोन तास, एवढंच.

झोपाळू_रातराणी | सोमवार, सायं. ६:५०

तुम्ही दिवसा काम करता म्हणून रडता, माझं ऐका. माझी शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, अमेरिकेच्या वेळेला. मी झोपते पहाटे चारला. नवाला ब्रेकर म्हणजे माझ्यासाठी रात्री अडीचला दारावर कुणीतरी घण घालून राहिलंय. कायद्यात रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. माझी रात्र कायद्यात बसतच नाही.

मी काय केलं तर आईकडे नंदनवनला झोपायला जायचे आणि दुपारी परत यायचे. तीन आठवडे. शेजारणींना वाटलं नवऱ्याशी बिनसलंय. एकीने तर समजूत घालायला ढोकळा आणला.

पानठेला | सोमवार, सायं. ६:५५

ढोकळा कसा होता?

झोपाळू_रातराणी | सोमवार, सायं. ७:०२

कोरडा.

कलम_आणि_कागद | सोमवार, रात्री ९:१५

कायद्याचा विषय निघालाच आहे तर नीट सांगते. ध्वनिप्रदूषण नियम २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतात, पण २०१७ पासून राज्य सरकारने तसं अधिसूचित केलं असेल तरच. २०१० मध्ये नियमांत भर घातली, त्यानुसार निवासी भागात आणि शांतता क्षेत्रात बांधकामाची आवाज करणारी यंत्रं रात्री, म्हणजे १० ते ६, चालवता येत नाहीत. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असेल तर तक्रार करता येते. रात्री कुणी ब्रेकर लावला तर बिनधास्त ११२ ला फोन करा, तुमची बाजू भक्कम आहे.

पण दिवसा नऊ ते सहा? खरं सांगायचं तर त्या वेळेत स्वतःच्या घरात दुरुस्ती करणाऱ्याला कुणी येऊन थांबवेल ही आशा ठेवू नका. कागदावर ५५ आहे, बरोबर. पण मोजायला माणूस येईपर्यंत वरची फरशी बसलेली असते.

आपल्या नागपुरातली आणखी एक गोष्ट. मुंबईचे लोक सल्ला देतात की सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी द्या, उपनिबंधकाकडे जा. आपल्याकडे बहुतेक स्कीम, म्हणजे फ्लॅटच्या बिल्डिंगा, सहकारी सोसायट्या नाहीतच, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली झालेल्या आहेत. त्यामुळे आधी तुमच्या बिल्डिंगचं डिक्लेरेशन आणि उपविधी काढून वाचा, त्यात कामाच्या वेळांबद्दल काही आहे का. बिल्डिंगच्या मजबुतीला धोका होईल असं काम कुणाही फ्लॅटधारकाला करता येत नाही, हे मात्र त्या कायद्यातच आहे. वर कुणी कॉलम किंवा बीमला हात लावत असेल तर ते आवाजाचं प्रकरण उरत नाही, तेव्हा भिडेखातर गप्प बसू नका.

धागेदोरे | सोमवार, रात्री ९:४०

शेवटच्या मुद्द्याला अनुमोदन. हॉल मोठा दिसावा म्हणून भिंत पाडायचं खूळ फार आहे. चार इंची विटांची आडभिंत असेल तर ठीक, पण तेही बघणाऱ्याने बघून. तिसरामजला, तुमच्याकडे बीमच्या खाली नवीन तडे दिसले तर फोटो काढून ठेवा, तारखेसकट. खरं तर काम सुरू व्हायच्या आधीच आपल्या छताचे आणि बाथरूमच्या भिंतींचे फोटो काढून ठेवायला हवेत. नंतर "हा तडा आधीचाच" यावर वाद होतो.

तिसरामजला | सोमवार, रात्री १०:०५

मोबाइलवर एक डेसिबल मोजायचं ॲप टाकलं. दुपारी ७८ दाखवत होतं. ५५ च्या मानाने फार वाटत नाही, दीडपट पण नाही.

धागेदोरे | सोमवार, रात्री १०:२२

तसं मोजत नाहीत ते. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, आणि कानाला साधारण दुप्पट मोठा वाटतो. ५५ चे ७८ म्हणजे ऊर्जा जवळपास दोनशेपट. फोनचा माइक काही प्रमाणित नसतो, त्यामुळे तो आकडा कुणाच्या तोंडावर फेकू नका, पण तुम्हाला वेड लागलेलं नाही एवढं नक्की.

पानठेला | सोमवार, रात्री १०:२५

दोनशेपट! बाप्पा बाप्पा. कूलरचे शब्द मागे घेतो भाऊ.

वरचामजला | मंगळवार, स. १०:५२

आयडी बघून घाबरू नका तिसरामजला, मी तुमचा वरचा नाही. मनीषनगरला आहे. पण गेल्या वर्षी मी कुणाचा तरी वरचा होतोच, म्हणून त्या बाजूने लिहितो.

मी सगळ्या बिल्डिंगला आधी सांगितलं होतं, पेढे पण वाटले. वीस दिवस म्हटले, लागले बहात्तर. का? भाड्याचं घर चालू, नवीन घराचा हप्ता चालू, दोन्हीकडचं मेन्टेनन्स चालू. मला काय हौस होती काम लांबवायची? पण फरशी उखडली तर खाली पाइप सडलेला निघाला. पाइप बदलायला घेतला तर प्लंबर लग्नाला गावी. तो आला तर टाइलचा एक डबा कमी, आणि त्या शेडच्या टाइल्स आता येत नाहीत.

खालच्या ताई यायच्या, म्हणायच्या एक ते तीन बंद ठेवा, बाळ झोपतं. मी हो म्हणायचो आणि ऑफिसला निघून जायचो. संध्याकाळी परत ताई दारात. मला वाटायचं मिस्त्री मुद्दाम ऐकत नाही. नंतर कळलं, मी मिस्त्रीला कधी नीट सांगितलंच नव्हतं, ठेकेदाराला फोनवर सांगत होतो. आणि ठेकेदार तर साइटवर आठवड्यातून एकदा. त्यात काम ठेक्याने दिलेलं, रोजीने नाही. स्क्वेअर फुटावर पैसे मिळणार असतील तर तो माणूस दोन तास हातावर हात ठेवून कशाला बसेल? उलट संध्याकाळी सातपर्यंत रेटेल.

तर तिसरामजला, मालकाशी बोलाच, पण वेळ ठरवायची असेल तर ज्याच्या हातात ब्रेकर आहे त्याच्याशी बोला.

संत्राबर्फी | मंगळवार, स. ११:२०

हे पटलं. आणि "थोडा वेळ बंद ठेवा" असं मोघम नको. मी माझ्या क्लासचं टाइमटेबल वहीच्या कागदावर लिहून त्यांच्या दाराला आतून चिकटवलं होतं. हिंदीत. ११ ते १२ आणि ४ ते ५ आवाज नाही, बाकी पूर्ण दिवस तुमचा. तेव्हापासून त्या वेळात ते रेती चाळायचे, माल भिजवायचे, मलबा पोत्यात भरायचे. आवाज न करणारी कामंही त्यांच्याकडे भरपूर असतात, फक्त कुणीतरी वेळ सांगायला लागते.

कानसेन | मंगळवार, दु. १२:४५

हेडफोनबद्दल कुणी नीट लिहिलं नाही म्हणून.

नॉइज कॅन्सलेशनवाले महागडे हेडफोन घेऊन लोक फसतात. ते विमानाची घरघर, एसी, कूलर असल्या एकसारख्या खालच्या पट्टीतल्या आवाजाला झकास. हातोड्याचा ठोका, ब्रेकरची धडधड हे अचानक आणि तुटक, तिथे ते कमी पडतात. त्यापेक्षा मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग, ते बोटाने वळून बारीक करून कानात घालायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे (लोक नुसते टेकवतात आणि म्हणतात चालत नाही), आणि त्यावर साधे कान पूर्ण झाकणारे हेडफोन आवाज वाढवून. दिसतं येड्यासारखं, पण चालतं.

समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून लॅपटॉपचा माइक बंद करा. तो खोलीतलं सगळं उचलतो. दांडीवाला हेडसेट, माइक ओठांच्या कोपऱ्याजवळ, एक-दोन बोटांवर. मिटिंगच्या ॲपमध्ये नॉइज सप्रेशन असतं ते वरच्या पायरीवर ठेवा. मग फक्त तुम्हाला त्रास, क्लायंटला नाही. तोच तर पगार देतो.

लोकमान्यनगर_अप | मंगळवार, दु. १:३०

आमचा जालीम उपाय. सुभाषनगर स्टेशनवरून मेट्रोत बसायचं, ॲक्वा लाइन, सीताबर्डीच्या पुढे प्रजापतीनगरपर्यंत. दुपारी डबा रिकामा, एसी फुकट, चार्जिंग घरून करून जायचं. ऐकायचा कॉल असेल तर बेस्ट. बोलायचा असेल तर पुढचं स्टेशन कोणतं ते क्लायंटलाही पाठ होतं. एकदा मॅनेजरने विचारलं, हे झाशी राणी कोण, नवीन जॉइन झाली का?

रिकामटेकडा | मंगळवार, दु. १:३४

😂😂 झाशी राणीला कॉलवर घ्या रे कुणीतरी.

धंतोलीकर | मंगळवार, दु. ३:१०

कलमताई, तुमचं शांतता क्षेत्र वाचून हसलो. आम्ही धंतोलीत, हाकेच्या अंतरावर हॉस्पिटलं, म्हणजे अधिसूचित असेल तर आमच्या डोक्यावर ५० डेसिबलचं छत्र. प्रत्यक्षात ॲम्ब्युलन्स, रिक्षा, जनरेटर, आणि आता शेजारचा जुना बंगला पाडून तिथे स्कीम येऊन राहिली. बंगल्यातलं कडुनिंबाचं झाड गेलं त्या दिवशी जास्त वाईट वाटलं. आवाजाची सवय होते, त्या खिडकीतल्या उन्हाची नाही झाली अजून.

निवांतकाका | मंगळवार, सायं. ४:००

धंतोलीकर, कोणत्या गल्लीत? आमचं बालपण तिथलंच. एकेका प्लॉटवर एक आंबा, एक कडुनिंब आणि मागे विहीर असायची. आता सगळीकडे पार्किंग आणि वर चार मजले.

(संत्राबर्फी, तुमचं कालचं बरोबर होतं. घरी बोलून दाखवलं तर बायको म्हणाली, चाळीस वर्षांनी लक्षात आलं का?)

संत्राबर्फी | मंगळवार, सायं. ४:०६

काकूंना नमस्कार सांगा 🙏

पानठेला | मंगळवार, सायं. ४:३०

धाग्याचं विहिरीत रूपांतर व्हायच्या आधी विचारतो, तिसरामजला गेला का वर?

तिसरामजला | बुधवार, दु. २:२०

गेलो. थोडं लांबेल, पण आत्ता वर शांत आहे आणि हे मी मुद्दाम आत्ताच लिहून राहिलो.

सकाळी पावणेनऊलाच गेलो, काम सुरू व्हायच्या आधी. मालक नव्हते. दार सताड उघडं, हॉलमध्ये गुडघाभर मलबा आणि त्या ढिगाऱ्यावर दोघंजण डबा खात बसलेले, भात आणि मिरचीचा ठेचा. एक पंचविशीतला पोरगा, एक वयस्क, बालाघाटकडचे. वयस्क माणसाच्या दोन्ही कानांत पोत्याच्या सुतळीचे बोळे. मी उभा राहून सगळं सांगितलं, घरून काम, मिटिंगा, क्लायंट. त्याने शांतपणे ऐकलं आणि एक बोळा काढून म्हणाला, "अब बोलो साहब।"

परत सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "आप टाइम बोलो ना। हमको किसी ने टाइम बोला ही नहीं।" सतरा दिवस मी खाली दात ओठ खाऊन राहिलो आणि वर कुणाला पत्ताच नाही की खाली कुणी आहे. त्याला वाटायचं दिवसा सगळे ऑफिसला जात असतील.

संत्राबर्फी ताईंसारखा कागद लिहिला. ११:३० ते १२:३० आणि ४ ते ५. तो वाचून पोरगा म्हणाला, चार ते पाच जमेल पण साडेअकराला नाही, बाराला करा, कारण बारापर्यंत बेडरूमचा कोपरा निघाला नाही तर गाडी मलब्याशिवाय परत जाते आणि भाडं अंगावर पडतं. आता असली अडचण मला खाली बसून कशी सुचणार होती. स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मिटिंग, बाराला नेलं. टीममध्ये कुणी विचारलंही नाही का म्हणून.

जाताजाता इअरप्लगचे दोन जोड दिले, कानसेन भाऊंच्या पोस्टनंतर पाकीट आणलं होतं. पोराने लगेच घातले. वयस्क माणसाने बघितले, खिशात ठेवले आणि सुतळीच परत कानात घातली.

मालकांचा फोन आला दुपारी. माफी वगैरे मागितली, पण मग म्हणाले की मिस्त्रीशी परस्पर बोलू नका, आमच्याशी बोलत जा. आवाज जरा चढलाच होता. मी हो म्हटलं. वरचामजला, यावर काय म्हणता?

वरचामजला | बुधवार, दु. २:५०

पैसे ते देऊन राहिले म्हणून त्यांना लागणारच. मलाही लागलं असतं. त्याच कागदाचा फोटो त्यांना पाठवा, "आपण ठरवलं तसं" लिहून. आपण म्हणायचं, काम झालं.

कलम_आणि_कागद | बुधवार, दु. ३:१५

आणि तो मेसेज जपून ठेवा.

पानठेला | बुधवार, दु. ३:१८

वकीलबाई सुधरणार नाहीत.

धागेदोरे | बुधवार, सायं. ६:३०

सुतळीवर एक. फरशी तोडणाऱ्याला ब्रेकर हातात घेऊन दिवसभर जो आवाज सोसावा लागतो तो आपल्या ७८ च्या किती तरी वर असतो. कामगारांसाठी साधारण ८५ डेसिबल आठ तास ही हद्द धरतात, त्यापुढे कायमचं ऐकू कमी व्हायला लागतं. माझ्या साइटवर मी प्लग वाटतो. तरुण घालतात. जुने म्हणतात हाक ऐकू येत नाही, वरून काही पडलं तर कळणार कसं. त्यांचंही अगदीच चूक नाही, म्हणून मी आता गळ्यात अडकवायचे कानावरचे कप देतो, पटकन काढता येतात.

झोपाळू_रातराणी | गुरुवार, प. ४:१०

शिफ्ट संपली. माझ्याकडच्या कागदावर मी काय लिहू? "सकाळी ४ ते १२ आवाज नाही"?

रिकामटेकडा | गुरुवार, स. ७:३०

आईकडे जा आणि ढोकळा खा.

तिसरामजला | दहा दिवसांनी, शनिवार, स. ११:४५

अपडेट द्यायचं राहिलं. वेळ साधारण पाळली गेली. दोनदा चुकली, एकदा मालक स्वतः उभे होते तेव्हाच. फरशी संपली, खाचा संपल्या. धागेदोरे म्हणाले तसंच, कालपासून वरच्या बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलंय आणि स्लॅबवर एक टाचणी पडलेली नाही. इतकी शांतता की काल कॉलवर मीच दोनदा विचारलं, ऐकू येतंय ना माझं?

काल संध्याकाळी आमच्या बाथरूमचं छत तपासलं, टॉर्च मारून. जुना पिवळा डाग आहे तेवढाच आहे, वाढला नाही. फोटो काढला, तारखेसकट.

वरचामजला | शनिवार, दु. १२:३०

मस्त. आता मालकांना सांगा एकदा खाली येऊन तो डाग बघून जा. आणि चहा ठेवा. पहिली भेट ब्रेकरशिवाय होऊ दे.

पानठेला | शनिवार, दु. १२:४१

चहा कायले, तर्री पोहे ठेव. माणूस दोन प्लेटी खाल्ल्यावर भांडत नाही.

रिकामटेकडा | सोमवार, स. १०:१५

रुमाल उचलायला आलो होतो. तिसरामजला, सुतार आला का?

तिसरामजला | सोमवार, स. १०:१७

आला. कटरसकट. नवीन कागद लिहून राहिलो.